तुम्ही विचारलंत म्हणून: अजून रोल कशाला?

इथं कोल्हापुरात कॉलेजात, लग्नात, रंकाळ्यावर फिरताना गळ्यातला कॅमेरा पाहिला की लोक हटकतातच. "सर, मोबाइल आहे की तुमच्याकडं. मग फिल्मचा रोल कशाला घालता अजून? आणि तो घरात धुवायचा खटाटोप कशासाठी?" मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळं बऱ्याच जणांनी उत्तर परस्पर ठरवलेलं असतं, की सरांना केमिकलची हौस आहे. हौस आहेच. पण खरं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून एकदा बसून लिहितो.

आधी दोन उत्तरं बाजूला करतो. एक म्हणजे जुन्याची ओढ. माझ्याकडं रोल धुवायला शिकायला येणारी पोरं २००५ नंतर जन्मलेली आहेत. त्यांच्या घरात कधी रोल आलाच नाही, त्यांना ओढ कुठली? दुसरं, फिल्मवर फोटो चांगला येतो. बारीक तपशील, कमी उजेडात काम, अचूक रंग, या सगळ्यात आजचा चांगला डिजिटल कॅमेरा ३५ मिलिमीटरच्या रोलच्या पुढं आहे. शिवाय फिल्म महाग. केमिकल धरून एका फ्रेमला पंचवीस-तीस रुपये पडतात. हे सगळं मान्य करून मी रोल घालतो.

का, ते एका फ्रेमवरून सांगतो.

गंगावेशीकडच्या एका तालमीत मी अधूनमधून पहाटे जातो. वस्ताद ओळखीचे आहेत. त्यांची एकच अट, "काढा की फोटो, पण पोरांचं ध्यान हलवू नका." म्हणजे फ्लॅश नाही आणि मध्ये मध्ये फिरायचं नाही. आत उजेड एकाच झरोक्यातून येतो, तोही तिरका, हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या, एका कडेपुरता. ४०० स्पीडचा रोल, ॲपर्चर २.८, शटर तीसला, म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग. एवढ्यावर हललेला पैलवान धूसर येणार हे ठरलेलंच. मग मी त्यांची लय बघत बसतो. पोरं हौदा खणतात, जोर मारतात, जोडी लागते. डाव टाकण्याआधी दोघंही क्षणभर थांबतात, कपाळाला कपाळ, एकमेकांच्या मानेवर हात. तेवढ्यात शटर दाबायचं. दाबल्यावर मागं बघायला पडदा नसतो. आलं का, डोळे मिटले का, काही कळत नाही. त्यामुळं माझी नजर हौद्यावरून हलत नाही आणि पुढची जोडी मला पूर्ण दिसते.

तालमीतली माती हा तर वेगळाच अभ्यास आहे. तांबडी माती, त्यात ताक, लिंबू, हळद, तेल. आजच्या कृष्णधवल फिल्मवर ती मध्यम करडी येते. भिंगावर लाल फिल्टर लावला तर उजळते, हिरवा लावला तर गडद होते. शंभर वर्षांपूर्वी सर्रास मिळणाऱ्या फिल्मला मात्र तांबडा रंग दिसायचाच नाही. तिच्यावर हीच माती जवळजवळ काळी आली असती, आणि उन्हात रापलेला चेहरा होता त्याहून काळपट.

अशाच फिल्मच्या जमान्यात कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ साली सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला. त्याच कॅमेऱ्यावर 'सैरंध्री' निघाला, १९२० साली. खरी कॉर्नरला त्यांच्या स्मरणार्थ कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. त्याच्यासमोरून रोज हजारो माणसं जातात. तिथून जाताना मला वाटतं, चित्र हवं म्हणून आधी यंत्र बनवणारी माणसं ज्या गावात झाली, त्या गावात घरी रोल धुणाऱ्याला चमत्कारिक का समजावं?

आता रोलच्या आत काय होतं ते सांगतो, कारण माझ्या उत्तराचं मूळ तिथं आहे. फिल्मवर जिलेटिनचा, म्हणजे गुरांच्या हाडा-कातड्यातून काढलेल्या चिकट पदार्थाचा, पातळ थर असतो आणि त्यात सिल्व्हर ब्रोमाइडचे अतिसूक्ष्म स्फटिक. शटर उघडतं, उजेड आत येतो आणि ज्या स्फटिकावर पडतो तिथं चांदीचे काही अणू सुटे होतात. काही म्हणजे किती? चारेक अणू एका जागी जमले तरी तो स्फटिक पुढं डेव्हलपरमध्ये, म्हणजे रोल धुवायच्या पहिल्या रसायनात, काळा होऊ शकतो. स्फटिकात अणू अब्जावधी, त्यातल्या चारांवर सगळं ठरतं. त्या घडीला फिल्म सूक्ष्मदर्शकाखाली धरली तरी काही दिसणार नाही. चित्र मात्र तयार झालेलं असतं. डेव्हलपर नवं काही आणत नाही. तो त्या चार अणूंच्या खुणेवरून अख्ख्या स्फटिकाची चांदी करतो. लोक हे १८४० पासून वापरत होते, पण उजेडानं स्फटिकात नेमकं काय घडतं याची पटणारी मांडणी गर्नी आणि मॉट या शास्त्रज्ञांनी केली ती १९३८ साली. जिलेटिनचीही अशीच एक गोष्ट आहे. काही जिलेटिनांवर फिल्म चपळ व्हायची, काहींवर मंद. का, ते कळेना. १९२५ च्या सुमारास कोडॅकच्या प्रयोगशाळेत शेपर्ड यांनी शोधलं, की गंधकाची सूक्ष्म संयुगं त्याला कारण आहेत आणि मोहरीच्या जातीच्या वनस्पती खाल्लेल्या गुरांमधून ती जिलेटिनात उतरतात. वर्गात हे सांगितलं की शेवटच्या बाकावरचीसुद्धा मान वर होते.

धुण्याची कृती पुस्तकात सोपी असते, कोल्हापुरात ती ऋतूप्रमाणं बदलते. डेव्हलपरचं तापमान २० अंश असावं असं लिहिलेलं असतं. मी डी-७६ वापरतो. मेटॉल, हायड्रोक्विनोन, सोडियम सल्फाइट आणि बोरॅक्स, एवढाच मसाला. निम्मं पाणी घालून पातळ केलं की एचपी-५ या माझ्या फिल्मला २० अंशांवर ११ मिनिटं लागतात. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. तेव्हा माठातलं पाणी घ्यायचं आणि बर्फाच्या पिशव्यांच्या परातीत बाटल्या ठेवून २४ पर्यंत आणायचं. २४ वर वेळ पावणेआठ-आठ मिनिटांवर येतो. त्याहून गरम घेतलं तर वेळ इतका कमी होतो की फिल्मभर सारखं धुतलं जात नाही.

फिल्म आणि डेव्हलपर असलेला बंद टँक दर मिनिटाला दहा सेकंद उलटासुलटा करायचा, मग खाली टेकवून हलकेच आपटायचा, बुडबुडे निघून जावेत म्हणून. मग डेव्हलपरचं काम थांबवणारा स्टॉप बाथ, मग फिक्सर. स्टुडिओवाले जुने लोक त्याला हायपोच म्हणतात. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शल यांनी १८१९ साली दाखवून दिलं होतं, की चांदीचे न विरघळणारे क्षार हायपोत विरघळतात. वीस वर्षांनी फोटोग्राफी आली तेव्हा ते ज्ञान तयारच होतं. उजेड न लागलेले स्फटिक तिथं विरघळून जातात आणि उजेड लागला तिथली चांदी तेवढी उरते. मग पाणी. पूर्वी नळाखाली अर्धा तास वाहतं पाणी सोडायचे. आता मी टँक तीनदा भरतो. पहिल्यांदा पाच वेळा उलटायचा, दुसऱ्यांदा दहा, तिसऱ्यांदा वीस. फिल्म स्वच्छ धुतली जाते आणि पाणी लागतं दोन लिटरांच्या आत.

टँकचं झाकण काढून ओली पट्टी, म्हणजे निगेटिव्ह, बल्बसमोर धरली की घामानं चमकणारा पैलवानाचा खांदा त्यात सगळ्यात काळा दिसतो. तिथून सगळ्यात जास्त उजेड आला, म्हणून तिथं सगळ्यात जास्त चांदी. तो काळा ठिपका नखानं खरवडता येईल इतका खरा असतो. मला रोलकडं परत परत नेणारी गोष्ट हीच. मोबाइलच्या सेन्सरवरही तोच उजेड पडतो, पण सेन्सर तो मोजतो, आकडा पुढं देतो आणि पुढच्या फोटोसाठी कोरा होतो. फिल्मचं तसं नाही. तालमीत त्या पहाटे जो उजेड त्या पोराच्या खांद्यावरून निघाला, त्यानं ही पट्टी बदलली. ही पट्टी त्या खोलीत होती.

कोल्हापूरकराला हे समजावायला फार शब्द लागू नयेत. अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव होतो, नोव्हेंबरात ९, १० आणि ११ला, आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप ओलांडतात, पितळी उंबऱ्यावरून गाभाऱ्यात जातात. कधी चरणांपर्यंत पोचतात, कधी मुखापर्यंत. ढग आले किंवा हवेत बाष्प दाटलं तर वाटेतच विरतात. दुसऱ्या दिवशी पेपरात मिनिटं छापून येतात, किरणं कुठं कितीला पोचली. गाभाऱ्यात दिवे असतात, देवी रोजच दिसते. तरी त्या संध्याकाळी सगळं गाव श्वास रोखून बघतं, कारण उजेड पोचला की नाही ही आपल्याकडं मोठी गोष्ट आहे. मी निगेटिव्ह बघतो तो याच भावनेनं.

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी गावात शिरलं तेव्हा हे फार जवळून पाहिलं. पूर ओसरल्यावर चिखलीकडच्या एका ओळखीच्या घरातून निरोप आला, ट्रंकेतले फोटो भिजलेत, काही होईल का? मी सांगितलं, उन्हात अजिबात वाळवू नका, आहेत तसे स्वच्छ थंड पाण्यात बुडवून ठेवा. ओलं जिलेटिन वाळताना शेजारच्या कागदाला धरतं आणि मग काही केल्या सुटत नाही. पोचलो तर अल्बमचं प्लॅस्टिक आणि रंगीत फोटो एक झालेले, रंगांचे थर पाण्याबरोबर उतरलेले. तळाशी जुन्या स्टुडिओचं खाकी पाकीट होतं, त्यात कृष्णधवल निगेटिव्हच्या पट्ट्या चिखलासकट चिकटून बसल्या होत्या. परातीत पाणी बदलत बदलत एकेक सोडवली. कडा गेल्या, दोन पट्ट्यांचा थर मध्येच निघाला. बाकीच्या दोरीवर चिमट्यांनी टांगल्या.

घरातल्या आज्जी इतका वेळ भिंतीला टेकून बसल्या होत्या. उठल्या, दोरीजवळ आल्या आणि एक पट्टी खिडकीकडं करून बघू लागल्या. निगेटिव्हमध्ये पांढरा फेटा काळा, रापलेला चेहरा पांढराफटक. आम्हाला कुणाला ओळखता येईना. त्या लगेच म्हणाल्या, "आमचं मालकच की ओ!" आणि मग नातवाला, "हातातली काठी बघ, ती अजून माळ्यावर हाय."

त्या पट्टीवरून मी घरी कॉप्या काढून दिल्या. इथं एक स्पष्ट सांगायला हवं. डिजिटल फोटोच्या तीन-चार प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या तर त्या ट्रंकेतल्या पट्टीपेक्षा सुरक्षित राहतात. ठेवा, मीही माझ्या निगेटिव्ह स्कॅन करून ठेवतो. पण आज्जींच्या हातात होती ती मालकांच्या फोटोची प्रत नव्हती. मालक फेटा बांधून उभे राहिले तेव्हा समोरच्या कॅमेऱ्यात हीच पट्टी होती.

हे सांगून झालं की बहुतेकांचा पुढचा प्रश्न येतो, मग सुरुवात कुठून करू? घरातलं कपाट आधी बघा. काकांचा, मामांचा एखादा कॅमेरा हमखास निघतो. पेंटॅक्स के-१०००, याशिका एफएक्स-३, निकॉन एफएम-२ यांपैकी काही असेल तर नशीब समजा, त्यांचं शटर सेलशिवाय चालतं, सेल लागतो तो फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला. भिंगातून टॉर्च मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसात ती धरतेच, म्हणून कॅमेरा चामड्याच्या कव्हरात कोंडून ठेवू नका, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. पहिला रोल कृष्णधवलच घ्या, कारण तो घरी धुता येतो. फोटो काढताना घाई नको आणि कंजुषीही नको.

आणि वापरलेला फिक्सर मोरीत ओतायचा नाही. त्यात तुमच्या रोलमधली विरघळलेली चांदी असते आणि ती पंचगंगेत जाता कामा नये. भांडी घासायची लोखंडी घासणी त्यात टाकून दोन-चार दिवस ठेवली की लोखंड विरघळतं आणि चांदी काळ्या गाळाच्या रूपानं खाली बसते. दहावीत मोरचुदाच्या द्रावणात खिळा बुडवला होतात, तीच अभिक्रिया. चांदीकामाचं गाव हुपरी इथून जवळ, चांदीची किंमत आपल्याकडं कुणाला शिकवावी लागत नाही. उरलेलं पाणीही गटारात नको, कॅनमध्ये भरून माझ्याकडं आणा.

टँक, थर्मामीटर आणि डेव्हलपर माझ्याकडं आहे. रोल संपला की रविवारी सकाळी या, फक्त येताना बर्फ घेऊन या.