अज्जाची पेटी आणि शेपटीमागचं कुत्रं

आमच्या वडगावातल्या घरात सध्या दोघं गोल गोल फिरायलेत, अंगणात राजा आणि आत माझी पुतणी. राजा म्हणजे साधं गावठी कुत्रं, पाऊस जरा उघडला की बाहेर येतंय, स्वतःचीच शेपूट दिसते आणि मग सुरू. पुतणी कीबोर्डवर शोपँ या संगीतकाराची 'मिनिट वॉल्ट्झ' ही पियानोची धून बडवत असते.

ही १८४७ ला छापली गेली. जॉर्ज सँड या लेखिकेचं कुत्रं शेपटीमागं पळायचं ते बघून सुचली म्हणतात, असेल दंतकथा, पण सुरुवात ऐका की! पहिली चार मापं, म्हणजे तीन-तीन ठोक्यांचे चार तुकडे, उजवा हात एकटाच, तेवढ्याच तीन-चार सुरांभोवती घिरट्या, कुठं जायचंच नाही त्याला. डावा हात पाचव्या मापाला येतो, मालक दार उघडून "काय चाललंय रे?" म्हणतो तसा.

पोरीनं नावातलं मिनिट फारच मनावर घेतलं होतं, मोबाईलवर स्टॉपवॉच लावायची, दोन मिनिटं, मग पावणेदोन, मग बोटं अडखळली की रडारड. शेवटी मीच म्हटलं, अगं ते घड्याळातलं मिनिट नव्हे, मायन्यूट म्हणजे इवलीशी, भलेभले पियानोवाले पण दीड-दोन मिनिटं घेतात. तर माझ्यावरच उखडली, "आधी सांगायचं नाही व्हय काका?"

आमचे वडील भजनात पेटी वाजवतात, ते बाजूला बसून ऐकत होते. स्वरलिपीत पाच फ्लॅट, म्हणजे सूर उतरवायच्या खुणा, बघून मी घाबरलेलो, ते म्हणाले, "काळी एकच की ही, त्यात काय एवढं?" खरंच, डी फ्लॅट म्हणजे आपली काळी एक, सगळं भजन त्यातच चालतंय त्यांचं. मग मांडीवर एक-दोन-तीन, एक-दोन-तीन ठोकून बघितलं आणि निकाल दिला, "दादराच हा. पळवलाय तेवढा."

आणि गेले की पेटी काढायला. आता पेटीला डावा हात भात्यावर, मग मालक बाहेर येणार कुठनं? चार मापं झाली की परत पहिल्यापासनं, नुसतं कुत्रं फिरतंय. पोरगी हसून हसून लोळायली, मग उठली, स्टॉपवॉचचा मोबाईल सोफ्यावर टाकला आणि कीबोर्डवर डावा हात ठेवून म्हणाली, "अज्जा, तुम्ही राजा व्हा, मी मालक."