चिपळूणला मदतीला जाताय? कपडे घरीच ठेवा, फावडी घ्या

२०२१ साली कोरोनामुळे पायी वारी सलग दुसऱ्या वर्षी चुकली. २० जुलैला आषाढी झाली आणि २२ तारखेला वाशिष्ठी नदीने चिपळूण बुडवलं. दिंडीसाठी बाजूला काढलेले पैसे आणि चालायला तयार असलेली माणसं, दोन्ही आमच्या भजनी मंडळाने तिकडे नेली.

मोबाइलवर एकच निरोप फिरत होता, कपडे आणि बिस्किटं पाठवा. साफ चुकीचा. बाजारपेठेत जुन्या कपड्यांचे ढीग पावसात कुजत होते आणि माणसं फावडं मागत दारोदार फिरत होती.

कराडहून कुंभार्ली घाट दिवसाउजेडीच उतरा, आम्ही गेलो तेव्हा दरडीची माती रस्त्यावर होती. टेम्पोचं भाडं कागदावर लिहून घ्या. आमच्या टेम्पोवाल्याने घाटमाथ्यावर गाडी थांबवून ठरलेल्याच्या दुप्पट पैसे घेतले. पूरग्रस्तांचा माल अडवून पैसे उकळणं हे पाप आहे, दुसरा शब्द नाही.

गाळाबद्दल मात्र कुणीच नीट सांगत नाही. गुडघाभर, चिकट, डिझेलच्या वासाचा. ओला आहे तोवरच काढा, वाळला की कुदळ लागते. मागच्या खोलीपासून दाराकडे ओढत आणा. गटारात ढकललात तर पुढच्या सरीला तोच पुन्हा घरात येतो. सगळ्यात वाईट ते किराणा दुकानाचं गोदाम. तांदळाची पोती फुगलेली, उचलली की तळ फाटून आंबलेला भात पायावर. त्या वासाने रात्री घास उतरला नाही. तिथे दुहेरी मास्कशिवाय शिरू नका.

आणि पंचनामा झालाय का, हे विचारल्याशिवाय काहीही बाहेर फेकू नका. शिलाई मशीन उचलायला गेलो तर एका मावशींनी ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं. "तलाठी येऊन बघू दे आधी," म्हणाल्या. भरपाई त्या कागदावर मिळते. आधी फोटो, मग फावडं.

पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, लेप्टोची, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची, भीती खरी आहे. गोळ्या आरोग्य केंद्रात विचारूनच घ्या. गमबूट, रबरी हातमोजे, घमेली, खराटे, बॅटऱ्या आणा. पाण्याचा प्रेशर पंप आणणार असाल तर जनरेटरसकट. राहायला आम्हाला देवळाचा सभामंडप मिळाला.

दहा दणकट माणसं पुरे, बसभर बघे नकोत. आम्ही गेलो तेव्हा श्रावण तोंडावर होता. उपवासवाल्यांनी अशा दिवसांत उपवास सोडावा, उपाशीपोटी घमेलं उचलत नाही.