बांबूची जुनी गळकाठी नागपुरात टिकते का? तुम्ही विचारलंत म्हणून

कन्हान नदीच्या काठावर गळकाठी, म्हणजे रॉड, पिशवीतून काढून जोडायला घेतला की कुणीतरी येऊन उभं राहतंच, आणि प्रश्नही ठरलेला. "भाऊ, बांबूचा हाये का? एवढा जुना काहून घेतला? आपल्या इथल्या उन्हात टिकते का असं?" आता मेसेज करूनही बरेच जण हेच विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो.

टिकतो. पण कोणताही जुना रॉड टिकत नाही. सगळा खेळ बांबूपेक्षा आतल्या ग्लूचा आहे, आणि विकणारा माणूस ग्लूबद्दल सहसा काही बोलत नाही, तो कंपनीचं नाव सांगतो.

अशा रॉडला स्प्लिट केन, म्हणजे चिरलेला बांबू म्हणतात, ती अख्खी काठी नाही. बांबूच्या सालीलगतचा धाग्यांनी गच्च भरलेला भाग घेऊन त्याच्या सहा त्रिकोणी पट्ट्या तासायच्या, टोकाकडे बारीक होत जाणाऱ्या, आणि त्या एकमेकींना चिकटवून षटकोनी काठी करायची. हा बांबू चीनमधल्या ग्वांगडोंगचा, त्याला टोंकिन म्हणतात. पण टोंकिनच्या आधी, एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतले कारागीर जो बांबू वापरायचे तो कलकत्त्याच्या बंदरातून जायचा आणि कलकत्ता केन म्हणून ओळखला जायचा, आणि तो म्हणजे आपला मानवेल, जो गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात उभा आहे. हे मी काठावर सांगतो तेव्हा लोक रॉड हातात घेऊन परत बघतात, आणि मलाही ते सांगताना दर वेळी तेवढाच आनंद होतो.

तर ग्लू. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या बहुतेक रॉडमध्ये जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला सरस असायचा. सरस ओलीला घाबरतो, ओल आणि उष्णता एकत्र आली की अजूनच मऊ पडतो. म्हणून त्या काळच्या रॉडवर जागोजागी, अगदी बोट-बोट अंतरावर रेशमी दोऱ्याचे वेढे दिसतात, ते बऱ्याच अंशी पट्ट्या धरून ठेवायला होते. युद्धानंतर सिंथेटिक रेझिन ग्लू सर्रास आला आणि तो पाण्याला, उन्हाला बराच दाद देत नाही. आपल्याकडे मे महिन्यात 45 डिग्री आणि ऑगस्टमध्ये भिंतीला ओल, त्यामुळे माझं स्पष्ट मत असं की नागपुरात वापरायला घ्यायचा असेल तर युद्धानंतरचा, 1950 च्या आसपासचा किंवा त्यापुढचा रॉड घ्या. फार जुना, नाजूक रॉड आवडला तर जरूर घ्या, पण त्याच्याकडून काम करून घेऊ नका. हार्डी या नामांकित इंग्लिश कंपनीचा पालाकोना रॉड मिळाला तर छानच, पण नावाचेच पैसे जास्त जातात, आणि बिननावाचा पण सरळ, घट्ट रॉड मी केव्हाही आधी उचलेन.

घेताना सगळे भाग वेगळे करून एकेक डोळ्यासमोर धरून लांबवर बघा, बाक आहे का. थोडा बाक चालतो, तो कायमचा बसलेला असतो पण मासा धरायला आडवा येत नाही. मग शेंड्याचा भाग बाकीच्यांशेजारी ठेवा, तो दोन-तीन इंच आखूड असेल तर बहुतेक वेळा कधीतरी तुटून परत टोक बसवलेलं असतं. सांध्यावरच्या धातूच्या नळ्या, ज्यांना फेरूल म्हणतात, त्या जोडून रॉड हलकेच हलवा, टिक-टिक आवाज आला की काहीतरी सुटलंय. हाताने हलका पीळ देऊन कडांवर नखाने चाचपून बघा, पट्ट्यांमधे फट जाणवली तर ठेवून द्या. गळाची दोरी, म्हणजे लाइन, ज्यातून जाते त्या रिंगांमधे अगेटचा दगड असेल तर कापसाचा बोळा आत फिरवा, धागा अडकला म्हणजे चीर आहे, आणि ती चीर तुमची लाइन कापणार. आणि पिशवी झटकून बघाच, पिवळसर बारीक पावडर पडली तर घुण लागलेला आहे, अख्ख्या बांबूचा दांडा असलेल्या रॉडला तर हे आधी बघा.

आता सांभाळायचं. घरात सगळ्यात वाईट जागा म्हणजे कूलरचा झोत. एप्रिल ते जून आपण खिडकीला कूलर लावतो आणि खोलीची हवा रात्रभर ओली असते, रॉड त्या खोलीत नकोच. दुसरी वाईट जागा बंद गाडी, उन्हात उभी केलेली, तिच्यात सरसाचाच काय, वॉर्निशचाही निकाल लागतो. काठावरून आल्यावर मऊ सुती कापडाने पुसायचा, सावलीत वाळू द्यायचा, मग कापडी पिशवीत घालून खुंटीला उभा टांगायचा, भिंतीला तिरका टेकवून नाही, तसा ठेवला तर बाक बसतो. ओला रॉड कधीही बंद नळीत घालू नका. पावसाळ्यात मी आठवड्यातून एकदा पिशवीतून काढून पंख्याखाली ठेवतो, काम लहान आहे पण तेच सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. फेरूलला तेल लावू नका, पॉलिश पेपर तर मुळीच नाही, स्पिरिटच्या कापडाने पुसा. सोडवताना पीळ देऊ नका, षटकोनी काठीला पीळ दिला की ताण थेट ग्लूवर जातो. अडकलं तर दोघं जण समोरासमोर उभे राहा, दोघांचाही एकेक हात प्रत्येक भागावर, आणि सरळ ओढा.

दोरा सुटला तर तेवढाच भाग परत गुंडाळायचा, बारीक रेशमी दोरा घेऊन, इतवारीत मिळतो. वॉर्निश लागल्यावर दोऱ्याचा रंग बराच गडद आणि पारदर्शक होतो, म्हणून रंग ठरवायच्या आधी एका काडीवर करून बघा.

मासे कोणते? रोहू, छोटा कतला, यांच्यासाठी हा रॉड फार गोड आहे, तो हळू वाकतो पण मुठीपर्यंत वाकतो आणि माशाची प्रत्येक झेप हातात येते, हेच मला कार्बनच्या रॉडमधे मिळत नाही आणि म्हणूनच मी हा घेतला. जलपर्णीतून मरळ ओढून काढायला मात्र कार्बन किंवा फायबरच न्या. ब्रेडेड, म्हणजे विणलेली लाइन नको, तिला ताणच नाही आणि ती जुन्या रिंगा घासते, साधी सहा-आठ पौंड ताण सोसणारी मोनो, म्हणजे एकाच धाग्याची नायलॉनची लाइन पुरते. मासा जवळ आला की रॉड आभाळाकडे उभा करू नका, शेंडा तिथेच जातो. खेळवताना मधेच रॉड फिरवून खालची बाजू वर करून धरला तर बाक एकाच बाजूला बसत नाही. दोन शेंडे असतील तर आलटून पालटून वापरा. आणि आपल्याकडचे बरेचसे तलाव मच्छीमार सोसायट्यांकडे ठेक्याने असतात, तेव्हा गळ टाकायच्या आधी तिथल्या माणसांना विचारून घ्या.