मॅग्नेटला चिकटलेली वाळू

आज शेवटी बॅग रिकामी केली. परत येऊन बारा दिवस झाले तरी कॉटखाली तशीच पडली होती, उघडावीशीच वाटेना. आतल्या कप्प्यात सगळ्यांना द्यायला आणलेले फ्रिज मॅग्नेट, आणि प्रत्येकाच्या पाठीला काळी वाळू चिकटलेली, सुरवंटाच्या केसांसारखी उभी. लोविनाची वाळू. झटकली तरी निघेना.

आणि परत तेच डोक्यात सुरू झालं.

लोविना बालीच्या उत्तरेला. दक्षिणेकडे हिंदी महासागराच्या मोठ्या लाटा असतात, इथे मात्र बाहेर प्रवाळ आहेत, लाटा तिथेच मोडतात, म्हणून पाणी तळ्यासारखं शांत. आणि वाळू काळी, कारण बेटच ज्वालामुखींचं, आगुंग तर १९६३ ला केवढा फुटला होता. हे सगळं मी आईला सांगत होते, किती उत्साहात, आणि ती पायाने वाळू उकरत म्हणाली, "ही आपल्या माहुलीगतच हाय की गं." माहुली म्हणजे साताऱ्याजवळचा आमचा नदीकाठ.

मी सगळ्यांसमोर म्हणाले, "एवढा खर्च करून इथवर आणलं आणि तुला माहुलीच दिसते का?" वहिनी हसली. आई पण हसली, म्हणजे तसं दाखवलं तिनं. मग बराच वेळ गप्प. पाण्याकाठी कुणीतरी नारळाच्या पानाच्या द्रोणात फुलं ठेवली होती, तो कलंडलेला, तिनं वाकून सरळ केला.

पासपोर्ट मी काढायचे, तिकिटं मी बघायची, बीपीच्या गोळ्या मी लक्षात ठेवायच्या, दादाने नुसते फोटो काढायचे. मला एकदा फक्त ऐकायचं होतं, छान आणलंस गं. एवढंच. पण म्हणून तसं बोलायचं का? तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर मी बोलले असते का तसं?

दुपारी राहवेना, एक मॅग्नेट पुसून घेतलं आणि गाडी काढून संगम माहुलीला गेले. पाणी पार खाली गेलंय. विश्वेश्वराच्या पायऱ्या उतरून काठाच्या वाळूत मॅग्नेट फिरवलं तर तसेच केस उभे राहिले. राहणारच की. सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हाच, त्या काळ्या दगडात लोह आहे, कृष्णा आणि वेण्णा तोच झिजवून आणतात. शाळेत पाठ केलेलं सगळं. मी तिला ज्वालामुखी शिकवत होते आणि तिनं नुसत्या तळपायाने ओळखलं.

तळपायाने कसं ओळखलं तेही कळतंय मला. आप्पांच्या वेळी ती तिथे अनवाणी... नको.

घरी आले तर ती मेथी निवडत होती. मॅग्नेट तिच्यासमोर धरलं, म्हटलं, "माहुलीची आहे." तिनं चष्मा लावून बघितलं, बोट फिरवलं.

"पाणी कुठवर आहे गं आता?"

"पायऱ्यांच्या खूप खाली."

"मग मला न्यायचं की."

सॉरी म्हणायचं राहिलंच. उद्या सहाला निघायचं ठरलंय, ऊन व्हायच्या आत. दादाला सांगितलेलं नाही.