मी मेंढरू की दगड?

पवित्र सप्ताह, सोमवार

क्रिस्टिना रोझेटी या व्हिक्टोरियन काळातल्या इंग्रज कवयित्रीचा कोळी डोक्यातून जात नाही. १८८५ मध्ये तिचं 'टाइम फ्लाइज' हे पुस्तक निघालं. वर्षातल्या प्रत्येक दिवसाला एक टिपण, कधी गद्य, कधी कविता. 'वाचनाची रोजनिशी' असं तिनेच त्याला म्हटलंय. यंदाच्या लेंतकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, व्हिक्टोरियन बायकांची भक्तिपर कविता वाचायची ठरवली, तेव्हा सुरुवात यानेच केली. रोजचं एक पान झेपतं.

तर कोळी. खोलीत गॅसचा दिवा आहे, भिंतीवर कोळी आहे आणि दिव्यामुळे त्याची सावली भिंतीवर पडलीय. कोळी त्या सावलीला भ्यालाय. पुढे जातो, मागे सरतो, तिरका पळतो, झटके देतो, पण सावली काही सुटत नाही. ही आपलीच आहे हे त्याला कळायला मार्ग नाही. बाई बघत राहते आणि मग एका वाक्यात निकाल लावते: पश्चात्ताप न करणारा पापी असाच, मौज संपल्यावर स्वतःच्या किळसवाण्या रूपाबरोबर एकटा कोंडलेला.

कॉलेजात असताना मी ते शेवटचं वाक्य खोडून टाकलं असतं. आता खोडावंसं वाटत नाही. बोध सांगायचाय म्हणून तिने कोळी गाठलेला नाही. कोळी तिला खरंच दिसलाय, त्याची तगमग तिने उभ्याने पाहिलीय. याच पुस्तकात लहानपणीची एक आठवण आहे. आजोळच्या बागेत मेलेला उंदीर सापडला, तिने तो शेवाळात हळुवार पुरला, एक-दोन दिवसांनी शेवाळ बाजूला करून पाहिलं तर आत काळा किडा वळवळत होता. पोर जी पळाली ती पळालीच. देवभोळ्या बाईच्या पुस्तकात मला असलं काही सापडेल असं वाटलं नव्हतं.

बुधवार

तिच्याबद्दल सांगताना लोक नेहमी दोन मोडलेली लग्नं सांगतात. जेम्स कॉलिन्सन हा चित्रकार रोमन कॅथलिक पंथात परत गेला, तेव्हा १८५० मध्ये ते जुळलेलं लग्न तुटलं. पुढे चार्ल्स केली या विद्वानाला तिने १८६६ मध्ये नकार दिला, त्याच्या श्रद्धेचा मेळ तिच्या श्रद्धेशी बसेना म्हणून. हे खरंच आहे, पण नुसतं एवढंच सांगितलं की ती बिचारी वाटायला लागते, आणि ती बिचारी अजिबात नव्हती. भाऊ विल्यम सांगतो, की जिंकायला फार आवडतं हे लक्षात आल्यावर तिने बुद्धिबळ सोडलं. रस्त्यात पडलेल्या कागदाच्या चिटोऱ्यावर ती पाय देत नसे, न जाणो त्यावर देवाचं नाव असलं तर! स्विनबर्न या कवीच्या एका काव्यनाट्यातल्या देवनिंदेच्या ओळींवर तिने कागदाची पट्टी चिकटवून टाकली होती. पुस्तक मात्र फेकलं नाही. बाकीचं काव्य तिला आवडत होतं. ही पट्टी मला फार आवडते.

लंडनमधल्या ऑल्बनी स्ट्रीटच्या क्राइस्ट चर्चमध्ये आई आणि दोघी मुली जात. ऑक्सफर्ड चळवळीचा तिथे मोठा जोर होता. १८३३ पासून चर्च ऑफ इंग्लंडमध्ये जुनी उपासना, सण, उपास, पापकबुली, प्रभुभोजनाचा मान हे सगळं परत आणू पाहणारी ही मंडळी. त्यातल्या जॉन कीबलने १८२७ मध्येच वर्षाच्या प्रत्येक रविवारला आणि सणाला एक कविता, असं पुस्तक लिहिलं होतं. क्रिस्टिनाने आपल्या प्रतीत त्या कवितांशेजारी पेन्सिलीने छोटी चित्रं काढलीत. या लोकांचा एक दंडक होता: पवित्र गोष्ट उघड्यावर मांडायची नाही, झाकून, हळूच, अधिकार पाहून सांगायची. कवितेला हा दंडक किती मानवतो! 'गॉब्लिन मार्केट' हे तिचं गाजलेलं काव्य याच घडणीतलं. फळं विकणारे भूतप्रेतासारखे फेरीवाले, फळ खाऊन झिजत जाणारी एक बहीण आणि तिच्यासाठी मार खाऊन रस अंगावर घेऊन येणारी दुसरी. त्यात ख्रिस्ताचं नाव एकदाही येत नाही. ते लिहिलं १८५९ मध्ये. त्याच सुमारास ती हायगेटच्या आश्रमात 'वाट चुकलेल्या' म्हटल्या जाणाऱ्या बायकांसाठी काम करायला जाऊ लागली.

थोरली बहीण मारिया तर १८७० च्या दशकात ऑल सेंट्स भगिनीमंडळात जाऊन व्रतस्थ झाली आणि १८७६ मध्ये वारली. याच मंडळाच्या भगिनी पुढे मुंबईत येऊन काम करू लागल्या. पुण्याच्या पंच हौदाला आल्या त्या इंग्लंडमधल्या वाँटेजच्या भगिनी, मंडळ वेगळं पण चळवळ तीच. त्या वाँटेजला पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि घेतल्यावर मुकाट्याने बसल्या असं मुळीच नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरं का, लॅटिन काय संस्कृतपेक्षा पवित्र आहे का, असा त्यांचा सवाल होता. रोझेटीच्या घरातल्या भाविकपणाची एक शाखा आपल्या दारापर्यंत आलीय, याची मला आज उगाच मजा वाटली.

पवित्र गुरुवार

संध्याकाळी प्रभुभोजन. परत येताना आत्या 'ऑल थिंग्ज ब्राइट अँड ब्यूटिफुल' गुणगुणत होती, सेसिल फ्रान्सिस अलेक्झांडर या व्हिक्टोरियन बाईंचं गीत. तिच्या मिशन शाळेत रोज सकाळी म्हणवून घ्यायचे. मी म्हटलं, "आत्या, यातलं एक कडवं तुम्हाला शिकवलंच नाही. श्रीमंत माणूस त्याच्या वाड्यात, गरीब त्याच्या फाटकाशी, दोघांनाही देवानेच आपापल्या पायरीवर ठेवलंय."

"असं आहे त्यात?" आत्या थांबलीच. "बरं केलं नाही शिकवलं ते."

बाईंचं मुलांसाठीचं गीतांचं पुस्तक १८४८ चं. त्यांचा जन्म आयर्लंडमधला, वडील जमीनदारांचा कारभार पाहणारे, आणि १८४८ मध्ये आयर्लंडात बटाट्याच्या दुष्काळाने माणसं मरत होती. त्या वर्षी हे कडवं! १९०६ च्या 'इंग्लिश हिम्नल' या चर्चच्या गीतसंग्रहाने ते गाळलं. पण बाईंना नुसतं निर्दय म्हणून सुटता येत नाही. पुस्तकाचा पैसा स्ट्रबेनच्या मूकबधिर मुलांच्या शाळेला गेला. शिवाय प्रेषितांच्या मतांगीकाराचं, म्हणजे उपासनेत म्हणतात त्या श्रद्धेच्या कबुलीचं, एकेक कलम मुलांना कळावं म्हणून एकेक गीत ही योजना मोठी हुशारीची आहे. 'निर्माणकर्ता' या शब्दासाठी वरचं गीत, 'कुमारी मरियेपासून जन्मला' यासाठी नाताळचं 'वन्स इन रॉयल डेव्हिड्स सिटी', 'वधस्तंभी खिळला गेला' यासाठी हिरव्या टेकडीचं, 'देअर इज अ ग्रीन हिल फार अवे'. अर्ध्या जगाच्या मुलांना धर्मशास्त्र शिकवलं ते या बाईने, व्यासपीठावर पाऊल न ठेवता.

याच्या उलट इंग्रज कादंबरीकार ॲन ब्राँटी. पाळकाचीच मुलगी, पण आपणच तेवढे निवडलेले आणि बाकी सगळे नरकात, असं मानणाऱ्यांना तिने १८४३ मध्ये एका कवितेत सरळ विचारलं, की हजारो लोक बाहेर राहिलेले बघून तुम्हाला गोड कसं लागतं? ख्रिस्तामध्ये शेवटी सगळेच जिवंत होतील, ही तिची आशा. ती कविता तिघी ब्राँटी बहिणींच्या १८४६ च्या संग्रहात आली. वर्षभरात त्याच्या दोन प्रती खपल्या. गायली गेली अलेक्झांडरबाईंची टेकडी.

उत्तम शुक्रवार

बारा ते तीन, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना. पंखे गरम हवा फिरवत होते. पांढऱ्या साड्या, सात वक्ते. तिसऱ्या उद्गारावर, 'बाई, पाहा, हा तुझा मुलगा', महिला मंडळातल्या एक बाई बोलल्या, आणि सातांमध्ये सगळ्यांत चांगलं त्याच बोलल्या. रोझेटीला हे कधीच मिळालं नसतं. बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या पुस्तकावर तिने १८९२ मध्ये पाचशेहून अधिक पानांचं विवेचन लिहिलं, तेही 'मी काय, बाईमाणूस, शिकवणारी कोण' अशा सुरात. तिचं सगळं उपदेशन कवितेतून आणि छापील पानांतून.

चौथ्या उद्गारापाशी मी घड्याळ पाहिलं. पाचव्यापाशी परत पाहिलं. शेजारच्या काकू पदर डोळ्याला लावून बसल्या होत्या. मला काहीच होत नव्हतं. घरी येऊन रोझेटीची 'गुड फ्रायडे' काढली, १८६६ च्या संग्रहातली, अवघ्या सोळा ओळींची.

पहिलाच प्रश्न: मी मेंढरू नाही, दगड आहे का? ख्रिस्ता, तुझ्या वधस्तंभाखाली उभी राहून तुझं रक्त थेंबाथेंबाने ठिबकताना मोजते आणि तरी रडत नाही? मोजते, हे क्रियापद किती क्रूर आहे! मग ती रडणाऱ्यांची यादी काढते. त्या बाया आक्रोश करत होत्या. येशूला नाकारून पतन पावलेला पेत्रसुद्धा हमसून रडला. शेजारच्या वधस्तंभावरच्या चोरालाही पाझर फुटला. सूर्य-चंद्रांनी भर दुपारी तोंडं झाकली. आणि मी? फक्त मीच. इथे ओळ एकदम तोकडी होते, श्वास तुटल्यासारखी.

शेवटच्या कडव्यात ती सांत्वन मागत नाही. सोडून देऊ नकोस, आपलं मेंढरू शोध, म्हणते खरी. पण लगेच, मोशेहून थोर असलेल्या तू, वळून आणखी एकदा बघ, आणि खडकावर प्रहार कर. बायबलच्या निर्गम पुस्तकात मोशेने काठी मारली तेव्हा खडकातून पाणी आलं, तसं. म्हणजे दगड आहे तर दगड, मार. कविता प्रहाराच्या मागणीवर थांबते. पाणी आलं की नाही, ते तिने लिहिलेलं नाही.

मला वाटतं तिच्या श्रद्धेची खरी ताकद इथे आहे. मन कोरडं पडलं तरी शुक्रवार येतोच, आणि ती त्या शुक्रवारी हजर असते. भावना आली तर उपासना, अशी अट ती ठेवत नाही. आपल्याकडे जनाबाई विठ्ठलालाच फैलावर घेते, शिव्या मोजून घालते. रोझेटी देवाला एक शब्द बोलत नाही, सगळा मार स्वतःवर घेते. इतकं मला पटत नाही, पण कविता पटते.

एकदा दगड दिसला की तो जागोजागी दिसायला लागतो. नाताळला जगभर गातात ते 'इन द ब्लीक मिडविंटर' (पहिल्यांदा छापलं १८७२ मध्ये, एका अमेरिकन मासिकात, संगीतकार होल्स्टची चाल १९०६ ची) त्यातही जमीन लोखंडासारखी, पाणी दगडासारखं. बेथलेहेमवर इंग्लंडचं बर्फ पडतंय म्हणून हसतात लोक. मला ते बर्फ भूगोलाचं वाटत नाही.

शनिवार

एलिझाबेथ बॅरेट (पुढची बॅरेट ब्राउनिंग) या कवयित्रीमध्ये दगड दुसऱ्या बाजूला आहे. तिची 'द क्राय ऑफ द चिल्ड्रेन' १८४३ मध्ये ब्लॅकवुड मासिकात आली. खाणी-कारखान्यांत राबणाऱ्या मुलांची सरकारी चौकशी नुकतीच झाली होती, आणि तिचा मित्र आर. एच. हॉर्न याने त्या चौकशीसाठी काम केलं होतं. कवितेतल्या मुलांना प्रार्थनेचे दोनच शब्द येतात, 'आमच्या पित्या'. मध्यरात्री भीती वाटली की ते दोन शब्द मंत्रासारखे पुटपुटतात. पुढे काय म्हणायचं ते कोणी शिकवलेलंच नाही. देवाला हाक मारा म्हटलं तर मुलं रडत सांगतात: तो दगडासारखा मुका आहे, आणि आम्हाला सांगतात, की आमचा मालक त्याच्याच प्रतिमेचा. यंत्रांच्या घरघरीत त्याला आमचं ऐकू कसं जाणार?

अलेक्झांडरबाईंच्या त्या फाटकापाशी ही मुलं उभी करून बघावीत. बॅरेटही भाविकच, इंग्रज राजचर्चच्या बाहेरच्या काँग्रिगेशनल पंथातली. देव नाही असं ती म्हणत नाही. देवाला दगड कोणी केलं ते ती दाखवते.

आत्या दुपारी आली तेव्हा तिला रोझेटीची 'अ बेटर रिझरेक्शन' वाचून दाखवली, जमेल तसा अर्थ सांगत. माझं हृदय दगडासारखं बधिर झालंय, आशाही नाही आणि भीतीही नाही. माझं जगणं गळणाऱ्या पानासारखं. शेवटी, माझं जगणं फुटक्या वाडग्यासारखं: त्यात पाण्याचा एक थेंब राहत नाही. तो तुकडा आगीत टाक, वितळव, पुन्हा घडव, माझ्या राजासाठी त्याचा प्याला कर. आणि शेवटची ओळ: येशू, मला पी.

परवाच आम्ही दोघी प्रभुभोजनात त्याच्या प्याल्यातून पिऊन आलो होतो. इथे बाई म्हणते, तू माझ्यातून पी. १८६२ च्या संग्रहात, भक्तिपर कविता म्हणून वेगळ्या काढलेल्या भागात, सभ्य लंडनकरांच्या डोळ्यांसमोर हे छापलंय.

आत्याने चष्मा काढून पुसला. म्हणाली, "चांगलं आहे गं. पण पाळकसाहेबांना नको दाखवूस, ते उद्याच्या उपदेशात घालतील आणि वाट लावतील."