नाव काहून नाही टाकलं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर बातमीदारानं स्वतःच्या बातमीवर बोलू नये असं माझं मत आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याचा मी वार्ताहर. अठराच्या आतल्या मुलाच्या हातून चोरी, मारामारी, खून असं काही घडलं की आठवडी बाजारात कुणी ना कुणी गाठतंच: "भाऊ, त्या पोट्ट्याचं नाव काहून नाही टाकलं? पैसे भेटले का?"

पैशांचं सोडा, ते दर बातमीला विचारतात. नावाचं उत्तर बाल न्याय कायद्यात आहे, २०१५ चा कायदा, कलम ७४. मूल गुन्ह्यात सापडलेलं असो, गुन्ह्याला बळी पडलेलं असो की साक्षीदार असो, त्याची ओळख पटेल असं काही छापायचं नाही, दाखवायचं नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पण नाव गाळणं हा त्यातला सोपा भाग. शहरात नाव गाळलं की पोरगा गर्दीत दिसेनासा होतो. आमच्याकडे दीडशे उंबऱ्यांची गावं. ठाण्याच्या प्रेसनोटमध्ये 'विधिसंघर्षग्रस्त बालक' (गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाला कायद्यातला शब्द) असं शिस्तीत लिहिलेलं असतं आणि पुढच्याच ओळीत गाव, 'आश्रमशाळेत अकरावीत', 'वडील सालगडी'. असा पोरगा त्या गावात एकच! म्हणून मी गाव काढतो, शाळा काढतो, बापाचं काम काढतो. उरतात चार ओळी. डेस्कवरून फोन येतो, यात बातमी कुठाय?

तोवर मोबाइलवर फोटो फिरून झालेला असतो. डोळ्यांवर काळी पट्टी, अंगात मात्र कबड्डीच्या संघाचा टी-शर्ट, नंबरासकट. कायद्यात वर्तमानपत्रासोबत संपर्काची इतर माध्यमंही धरलेली आहेत, हे ग्रुपच्या ॲडमिनला कळवलं की तो अंगठा पाठवतो.

मे २०२४ पासून या प्रश्नाला नवं शेपूट फुटलंय. पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले आणि जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध आला. "तुमचा कायदा म्हणजे निबंध लिहा अन् घरी जा," असं मला टपरीवर ऐकवलं जातं. तो आदेश काही दिवसांतच बदलला आणि मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं, जूनमध्ये उच्च न्यायालयानं सोडलं, एवढं पुढचं कुणी सांगत नाही. निबंध सगळ्यांना पाठ आहे. मेलेल्या दोघांची नावं विचारून पाहा.

आणि 'अठराच्या आतला पोरगा काहीही करो, तीन वर्षांत सुटतोच' हेही अर्धंच खरं. दिल्लीच्या २०१२ च्या निर्भया प्रकरणानंतर कायदा बदलला. सोळा ते अठरा वयाच्या मुलानं अतिगंभीर गुन्हा केल्याचा आरोप असेल तर बाल न्याय मंडळ आधी त्याची समज, परिस्थिती तपासतं आणि वाटलं तर प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवतं. तिथं त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालू शकतो. फाशी मात्र नाही. बाकीच्यांचं प्रकरण मंडळातच निकाली निघालं की चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांनी ते उकरून काढायचं नाही, असंही त्याच कलम ७४ मध्ये आहे. पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर पळणारी आमची पोरं पाहिलीत, तर या ओळीची किंमत कळेल. हा कायदा मला पटतो, निव्वळ दंडाच्या भीतीनं मी तो पाळत नाही.

तरी एक माणूस असा भेटला की त्याच्यापुढे कलम वाचायचं माझ्या जिवावर आलं. त्या खुनातला आरोपी अठराच्या आतला, पण खून झालेला तरुण सज्ञान होता, त्यामुळे त्याचं नाव, गाव, फोटो सगळं छापलं गेलं. फोटो कुणाच्या तरी लग्नातला, फेटा बांधलेला. त्याचे काका पेपराची घडी घेऊन घरी आले. चहाला हात लावला नाही. "आमच्या पोराचा फोटो चालते, त्याचं नाव चालत नाही. मेला तो आमचाच नं?"

बोलता बोलता कळलं, पंचनाम्यानंतर त्यांच्या घरी कुणी फिरकलंच नव्हतं. तपास कुठवर आला ते नव्वद दिवसांच्या आत पीडित पक्षाला कळवणं नव्या नागरिक सुरक्षा संहितेत (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात) पोलिसांवर बंधनकारक आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळते. मयताच्या कुटुंबाला नुकसानभरपाईची योजना आहे, ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळते. यातलं एकही त्यांना माहीत नव्हतं, आणि आमच्या पानांवर ते कधी येतही नाही. पहिल्या दिवशी रक्त, दुसऱ्या दिवशी 'गावात तणावपूर्ण शांतता', मग थेट निकाल, तोही लक्षात राहिला तर.

काकांना मी तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत भरपाईचा अर्ज करायला घेऊन गेलो. मुलाचं प्रकरण मंडळापुढे बंद दाराआड चालतं, तिथं मला जाता येत नाही. या अर्जाला मात्र कुठलं दार बंद नाही. तो कोणत्या टेबलावर पडलाय आणि का, ते मी घरच्यांना विचारून छापतो, डेस्कवरचे कुरकुरले तरी.