वारा आणि वेढे

काकांच्या विहिरीवरची पाण्याची मोटर जळाली, म्हणून भर मे महिन्यात दुपारी दोन वाजता मी चोपड्यात एका दुकानासमोर केळीच्या पालथ्या क्रेटवर बसलो होतो. वर कडुनिंब, समोर पत्र्याची पाटी. पिवळ्यावर लाल अक्षरं : 'येथे सर्व प्रकारच्या मोटारी रिविंडींग करून मिळतील.'

रिविंडींग. म्हणजे पुन्हा वारा भरून मिळेल.

मला ही वाईट खोड आहे. लग्नात जेवताना पत्रिकेतल्या चुका काढणारा जो एक पाहुणा असतो, तो मी. घरी आता मला कोणी काही वाचायला देत नाही. पण या पाटीपुढे मात्र मी जरा वेळ गप्प बसलो, कारण या शब्दावर मी स्वतः एकदा सपाटून मार खाल्ला आहे.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. 'डब्ल्यू आय एन डी, विंड, विंड म्हणजे वारा' हे इतकं घोकलेलं की झोपेत विचारलं तरी सांगावं. दोन-तीन वर्षांनी कुठल्याशा धड्यात एक म्हातारा रोज रात्री झोपण्याआधी घड्याळाशी काहीतरी करायचा. उभं राहून मोठ्याने वाचायची पाळी माझी. मी ठणकावून वाचलं, 'विंड द क्लॉक', आणि अर्थही सांगून टाकला. सरांनी चष्मा कपाळावर नेला. "घड्यायले वारा घाली ऱ्हायना का रे?" वर्ग फुटला. पुढचं वर्षभर मी मैदानात दिसलो की कोणीतरी वहीने आपल्या मनगटावर वारा घालायचं.

सर रागावले नव्हते. त्यांनी स्वतःच्या हातातलं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि चावी दे म्हणाले. बोटांत ती दातेरी फिरकी, आत कुरकुर, आणि हळूहळू घट्ट होत गेलेली स्प्रिंग. "हे वाइंड," ते म्हणाले. गुंडाळणं, वेटाळणं, पीळ देणं. अक्षरं तीच, पण वाऱ्याशी संबंध नाही. मला ते फार अन्यायाचं वाटलं. आपल्याकडे असं नसतं, असं मी घरी येऊन आजीला सांगितलं. आजी गोठ्यात होती. ती म्हणाली, चार गायी चार, मग बोल. खरंच तसं म्हणाली की इतक्या वर्षांत मीच ते तिच्या तोंडी घातलं, आता सांगता येत नाही. पण वाक्य म्हणून पाहा. पहिला चार टाळूवरचा, दुसरा दातांवरचा, लिहायला दोन्ही सारखेच. 'जरा थांब' मधला जरा आणि म्हातारपणाची जरा यांचंही तेच. आणि माझा उच्चार सुधारणारे सर जन्मभर शाळेला 'शाया' म्हणत राहिले, ते वेगळंच.

दुकानात एव्हाना मोटर उघडली होती. जळक्या व्हार्निशचा तो वास, नाकात जाऊन बसणारा. मिस्तरी स्टेटरच्या, म्हणजे मोटरच्या न फिरणाऱ्या भागाच्या, खाचांतून काळी पडलेली तार छिन्नीने तोडून ओढत होता. जुनं तांबं किलोवर भंगारात जाणार, नवं गेज, म्हणजे तारेची जाडी, बघून येणार. "सिंगल फेज झाली," तो न विचारता म्हणाला. तीन फेजमधला एक रात्री कधीतरी गेला, उरलेल्या दोघांवर सगळा भार आला, तारा तापल्या. रात्रीची लाईट, ती आली की मोटर आपोआप चालू करणारा ऑटो लावलेला, माणूस झोपेत. मिनिटाला जवळजवळ २,९०० फेरे घेणारं यंत्र आपलं आपणच भाजून निघतं. मग त्याने साच्यावर नवी तार चढवायला घेतली. ओठ हलत होते. मोजत होता. मध्ये बोलायचं नसतं, एक वेढा चुकला तर सगळं परत.

मी विचार करत बसलो, की इंग्रजांनी तरी हे असं का ठेवलं असेल. पुढे कधीतरी वाचून एवढं कळलं होतं, की एके काळी दोन्ही शब्द तिकडेही 'वाइंड'च होते. माइंड, काइंड, फाइंड, ब्लाइंड यांच्या पंगतीत बसलेले. जुने कवी वाऱ्याचं यमक बिनदिक्कत काइंडशी जुळवतात, आणि शिकवणारे मास्तर मग अडखळतात. अठराव्या शतकापर्यंत वाऱ्याने पंगत सोडली आणि तो आखूड झाला. विंडमिल, विंडी असे जोडशब्द तोंडात आखूडच बसायचे, त्यांनी बहुधा त्याला ओढून नेलं. गुंडाळणारा बिचारा तिथेच राहिला. भाऊ वेगळे झाले, आडनाव एक.

विंडो या शब्दातही वाराच आहे. तो जुन्या नॉर्स भाषेतून आला, तिथे त्याचा अर्थ वाऱ्याचा डोळा. आपण गवाक्ष म्हणतो, म्हणजे गायीचा डोळा. त्यांना खिडकीतून वारा दिसला, आपल्याला गाय. बरं वाटलं मला हे कळल्यावर, का ते विचारू नका.

आणि साक्रीकडे गेलं की हे दोन भाऊ पुन्हा एका घरात नांदताना दिसतात. ब्राह्मणवेलच्या पठारावर त्या पांढऱ्या पवनचक्क्या रांगेने उभ्या आहेत. लांबून पाती इतकी सावकाश फिरतात की दुपारी झोप यावी. पण तो वारा तिथे पात्यांना फिरवतो, पाती वर बसवलेल्या जनित्राला, आणि जनित्राच्या पोटात पुन्हा तांब्याचे वेढेच. विंडने वाइंडिंगला कामाला लावलेलं. तिथून निघालेली वीज कुठे जाते ते मी सांगू शकत नाही, काकांच्या विहिरीवर तरी तीन फेजने येत नाही.

मिस्तरीचं मोजून झालं तसं मी न राहवून पाटीचं विचारलंच. "पेंटरनी लिखेल शे," तो म्हणाला. मग माझ्याकडे नीट बघून, "मोटर पानी फेकस का नही, तितलं देखा." चहा मात्र त्यानेच मागवला. कप धरताना त्याची बोटं दिसली, तारेने चिरलेली, काही जुनी, काही आजची. वाइंडचा भूतकाळ वाउंड. त्याच अक्षरांचं वूंड केलं की जखम. हे त्याला सांगावंसं वाटलं, पण चहा घेतला.

केळीवाल्या घरात वारा हा शब्द असा मोकळेपणाने वापरत नाहीत. निसवलेल्या बागेत एकेका खोडावर जड घड लोंबतो, मुळं वरच्यावर, आणि मे-जूनमध्ये दक्षिणेकडून म्हणा, कुठूनही म्हणा, अर्धा तास येतो. बांधावर शेवरी दाट लावलेली असते, पण तिचंही एक मर्यादेपर्यंतच चालतं. विम्याच्या कागदावर त्याला 'वेगाचा वारा' म्हणतात. मी कॉलेजात होतो त्या वर्षी काकांची आख्खी बाग एका संध्याकाळी आडवी झाली. सगळी खोडं एकाच दिशेला, कोणी विंचरल्यासारखी. काका बांधावर बसून होते आणि काकू त्यांना जेवायला उठवायला मला पाठवत होती. मी दोनदा गेलो आणि दोनदा तसाच परत आलो.

साडेचारला फोन वाजला. काकाच. मला वाटलं मोटरचं विचारतील, किती झाले, कधी येतोस. त्यांनी मोटरचं नावही घेतलं नाही.

"तथा वारा सुटना का?"

मी वर कडुनिंबाकडे पाहिलं. पान हलत नव्हतं.